पाटोद्याच्या माळावरचा ससा कोणाचा?

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बोलण्यातला पसारा थोडा कमी केलाय, बाकी तसंच आहे.

आज एका सशापासून सुरुवात करू. पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या एखाद्या माळावर ससा पळतोय. माळ गायरान आहे. म्हणजे सातबाऱ्यावर नाव सरकारचं आणि वापर गावच्या गुराढोरांचा. मग हा ससा कोणाचा? गावाचा, सरकारचा, की अख्ख्या देशाचा? आणि त्याला धरायची परवानगी कोणाला? गेल्या सव्वाशे वर्षांत याचं उत्तर बऱ्याचदा बदललं. आणि प्रत्येक वेळी 'इथला' कोण आणि 'बाहेरचा' कोण, हेही बदललं.

रेसिडेंट म्हणजे साहेब

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात 'रेसिडेंट' कोणाला म्हणायचे माहितीये? हैदराबादेत बसलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला. शब्दाचा अर्थ रहिवासी, आणि माणूस आलेला सातासमुद्रापलीकडून!

मोठी शिकार निजामाची, उमरावांची आणि असल्या पाहुण्यांची. १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन वरंगळकडे वाघाच्या शिकारीला आला होता. राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओनं काढलेला तो फोटो आजही नेटवर सापडतो. कर्झन, लेडी कर्झन आणि पुढ्यात मेलेला वाघ. अशा शिकारीत हाका घालून जनावर उठवायचं काम गावच्या माणसांचं असायचं. जीव त्यांचा टांगणीला, फोटो साहेबाचा.

त्याच वेळी मराठवाड्यात दुसरी एक शिकार चालू होती, पारधी समाजाची. फासे आणि जाळी लावून तित्तर, लावा, ससा, हरीण धरायचं. ही हौस नव्हती, पोटाचं काम होतं. पण इंग्रजांनी १८७१ मध्ये क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आणला आणि पुढे पारध्यांवरही जन्मतः गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. गावाचा संशय आणि पोलिसांचा फेरा मात्र पुढेही चालू राहिला. म्हणजे ज्याला माळाचा दगड न् दगड माहीत, तोच त्या माळावर परका ठरला.

परमिट काढा, वाघ मारा

स्वातंत्र्यानंतर राजे गेले, शिकार राहिली. जंगल खातं शिकारीचे ब्लॉक ठरवून परमिट द्यायचं. पैसे भरा, ब्लॉक बुक करा, या. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी तरुणपणी अल्विन कूपर नावाची कंपनी काढली होती. नागपूरची ही कंपनी परदेशी गिऱ्हाइकांना मध्य भारताच्या जंगलात शिकारीला न्यायची. लपूनछपून नाही, रीतसर धंदा! वाघाची शिकार बंद झाली ती १९७० मध्ये.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. बऱ्याच जणांना वाटतं, या कायद्यानं शिकार एका फटक्यात बंद केली. तसं नाही. मूळ कायद्यात काही प्राण्यांना पूर्ण संरक्षण होतं आणि बाकीच्यांसाठी लायसन्स होती: स्पेशल गेम, बिग गेम, स्मॉल गेम, शिवाय जिवंत पकडायचं वेगळं. कागदावर ही सोय सगळ्यांना सारखी होती. पण अर्ज, फी, बंदुकीचा परवाना, साहेबाची सही हे सगळं कोणाला जमणार? पालावर राहणाऱ्या, ज्याच्याकडे पत्त्याचा कागदही नाही त्याला?

१९९१ च्या दुरुस्तीनं लायसन्सची ही सगळी पद्धतच मोडीत काढली. तेव्हापासून शिकार सगळ्यांना बंद. अपवाद अगदी मोजके, म्हणजे प्राणी माणसाच्या जिवावर उठला वगैरे, आणि तेही अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानं. पुढे १९९४ मध्ये पाटोदा तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्य झालं, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं, खास मोरांसाठी. आपला तालुका त्यामुळे नकाशावर आला. मोर वाचले, ही चांगलीच गोष्ट आहे. बंदी चुकीची होती असं माझं म्हणणं नाही. तिची किंमत कोणी भरली, एवढंच बघायचंय.

तिकडे अमेरिकेत

हाच प्रश्न अमेरिकेनं उलट्या बाजूनं सोडवला. तिथे शिकार चालू आहे, पण मोजून. एक प्राणी मारायची एक परवानगी, तिला 'टॅग' म्हणतात. रानातले प्राणी सांभाळायचा अधिकार राज्याचा. पण पश्चिमेकडची प्रचंड जमीन केंद्र सरकारची, देशभरात सुमारे ६४ कोटी एकर. आता भांडण बघा. केंद्राची जमीन म्हणजे सगळ्या देशाची. मग वायोमिंग किंवा मोंटाना राज्य बाहेरच्या शिकाऱ्याला टॅग कमी का देतं आणि पैसे जास्त का घेतं?

हा वाद थेट सुप्रीम कोर्टात गेला. मोंटानात एल्क नावाचं मोठं हरीण मारायला स्थानिकाला ९ डॉलर लागायचे. बाहेरच्याला मात्र इतर प्राण्यांसकटचं २२५ डॉलरचं लायसन्स घ्यावंच लागायचं. १९७८ मध्ये कोर्टानं हा भेद मान्य केला. एक मुद्दा असा की हे प्राणी सांभाळायचा खर्च आणि झळ स्थानिक लोक सोसतात. दुसरा असा की बाहेरच्या माणसाची शिकार म्हणजे करमणूक, त्यावर त्याचं पोट नाही.

हा दुसरा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. हौस आणि पोट यांत कोर्टानं फरक केला. आपल्याकडे पारध्याचं तर पोटच होतं. तरी त्याचा हक्क गेला तेव्हा हा फरक किती जणांनी मांडला?

आणि तिकडच्या शिकाऱ्यांना एक गोष्ट पक्की कळलीये: जमीन गेली की टॅग नुसता कागद. २०२५ मध्ये युटाचे सिनेटर माइक ली यांनी केंद्राची लाखो एकर जमीन विकायचा प्रस्ताव आणला, तेव्हा शिकारीच्या कोट्यावरून एरवी भांडणारे लोक एकत्र विरोधात उभे राहिले. प्रस्ताव मागे घ्यावा लागला.

आपलं गायरान

आता परत माळावर या. आपल्याकडे शिकारीचा वाद संपला, पण खालच्या जमिनीचा संपलेला नाही.

मराठवाड्यात भूमिहीनांनी, विशेषतः दलित आणि पारधी कुटुंबांनी, गायरानावर कसायला सुरुवात केली. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून ही मागणी चालत आलीये. बीड जिल्ह्यात एकनाथ आवाड आणि त्यांच्या मानवी हक्क अभियानानं हा लढा गावोगाव नेला. १९९१ मध्ये सरकारनं जुनी अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय काढला. आता वर्ष बघा. त्याच १९९१ मध्ये दिल्लीत शिकारीची लायसन्स बंद झाली. एका कागदानं ससा बंद, दुसऱ्यानं जमिनीचा तुकडा मिळायची आशा.

मग २०११ आलं. पंजाबातल्या जगपाल सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करा. त्याच वर्षी महाराष्ट्रानंही गायरान वाचवायचा शासन निर्णय काढला. २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टात राज्यभरातल्या गायरानावरच्या अतिक्रमणांचा आकडा आला, दोन लाखांहून जास्त. नोटिसा निघाल्या, मोर्चे निघाले. एकीकडे हे, आणि दुसरीकडे सौर प्रकल्पांसाठी हीच गायरानं सरकार भाडेपट्ट्यानं देतंय. भूमिहीन बाईनं ज्वारी पेरली तर अतिक्रमण, कंपनीनं पॅनल लावले तर विकास! सौर ऊर्जा हवीच. पण सामायिक जमीन कोणाला द्यायची हे गावाला विचारून ठरतंय का?

ओझं कोणाच्या डोक्यावर

प्राणी देशाचे, जमीन सरकारची, पण रात्री रानडुकरं पिकात घुसतात ती एका माणसाच्या. पाटोद्यातली कितीतरी घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यातच परत येतात. म्हणजे अर्धं वर्ष तालुक्याचे रहिवासीच बाहेरचे असतात आणि राखणीला म्हातारी माणसं उरतात. पिकाचं नुकसान झालं तर भरपाई आहे, पण पंचनामा, फोटो, अर्ज, फेऱ्या. २०१५ मध्ये सरकारनं रानडुक्कर आणि नीलगाय मारायची परवानगी अर्जावर देऊ केली. पण बंदूक असते कोणाकडे?

आणि अगदी जिवावर बेतलं तर? २०१८ मध्ये यवतमाळच्या अवनी वाघिणीसाठी नेमबाज आला हैदराबादहून, आणि नियम पाळले की नाही यावर देशभर वाद पेटला. २०२० च्या शेवटी आपल्या शेजारच्या आष्टीत बिबट्यानं माणसं मारली तेव्हा शेतावर जायची सोय नव्हती. डिसेंबरमध्ये करमाळा तालुक्यात बिबट्याला गोळी घातली तेव्हा लोकांनी श्वास सोडला. दोन्ही वेळा गावाच्या हातात काय होतं? वाट बघणं.

माझं म्हणणं इतकंच. शिकार परत सुरू करा असं मी म्हणत नाही. पण अमेरिकेच्या कोर्टानं जे मान्य केलं ते आपणही मान्य करावं: जो झळ सोसतो त्याचं म्हणणं थोडं जास्त ऐकायचं. भरपाई वेळेत मिळणं हा उपकार नाही. गायरान कोणाला द्यायचं ते ग्रामसभेत ठरावं, आणि ग्रामसभा ऊसतोडीची माणसं गावात असतील तेव्हा व्हावी. अभयारण्यात वाटाड्या किंवा राखणदार नेमायचा तर ज्या समाजाची शिकार गेली त्याला आधी विचारावं. माळ त्याच्याइतका कोणाला कळतो?

आता तुमच्यासाठी एक काम. फोनवर भूलेखची साइट उघडा, आपल्या गावच्या गायरानाचा गट नंबर शोधा आणि सातबारा बघा. क्षेत्र किती आहे आणि इतर हक्कात कोणाचं नाव चढलंय ते वाचा. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, पूर्वी हा माळ किती मोठा होता आणि तिथे कोण कोण यायचं. जे सापडेल ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये घेऊ. भेटू लवकरच.