हरलं की घरी : रोव्हर्स कप, फेडरेशन कप आणि खोपोलीची गाडी



आमच्या कर्जत-खालापूरकडे भातकापणी उरकली की गावोगाव कबड्डीचे सामने लागतात. बाद पद्धत. हरलं की टेम्पोत बसायचं आणि घरी जायचं. आणि या पद्धतीची खरी गंमत म्हणजे वाडीवरची सात पोरं एखाद्या नावाजलेल्या संघाला रात्री अकरा वाजता घरी पाठवू शकतात. आजचा भाग याच पद्धतीवर आहे, फक्त खेळ फुटबॉलचा आणि मैदान अख्ख्या देशाचं.

मला हा नाद लावला बाबांनी. ते खोपोलीतल्या एका कारखान्यात होते. सुट्टी जुळली की म्हणायचे, "चल, कूपरेजला जाऊ." खोपोलीहून कर्जत, कर्जतहून व्हीटी, तिथून फोर्टातून चालत. एकूण सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. परतताना कर्जतला खोपोलीची गाडी चुकली की बाकड्यावर बसायचं आणि मॅच पुन्हा पहिल्यापासून खेळायची, तोंडाने!

आम्ही जायचो ते रोव्हर्स कप बघायला. ही स्पर्धा मुंबईत 1891 मध्ये सुरू झाली. त्याआधी 1888 ला सिमल्यात ड्युरँड, आणि नंतर 1893 ला कलकत्त्यात आयएफए शील्ड. तिन्ही गोऱ्यांनी सुरू केलेल्या. रोव्हर्सचा पहिला विजेता वूस्टरशायर रेजिमेंटचा संघ, आणि पुढची कित्येक वर्षं कप पलटणींच्याच हातात फिरत राहिला. 1923 मध्ये मोहन बागान अंतिम फेरीपर्यंत आला, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्यांना हरवलं. शेवटी 1937 मध्ये बंगळूरच्या बँगलोर मुस्लिम्स या संघाने कप जिंकला. भारतीय संघाने रोव्हर्स जिंकण्याची ती पहिलीच वेळ. म्हणजे शेहेचाळीस वर्षं लागली! पण एकदा दार उघडलं ते उघडलंच. 1940 ला कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगने कप नेला आणि 1950 ते 54 अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलिसांनी. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, म्हणजे 1962 च्या एशियाडमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून देणारे रहीमसाहेब.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. देशाची म्हणावी अशी क्लबांची स्पर्धा तोवर नव्हतीच. संतोष ट्रॉफी होती 1941 पासून, पण ती राज्यांच्या संघांची. रोव्हर्स, ड्युरँड, शील्ड या ज्या त्या शहराच्या. राष्ट्रीय संघटनेने क्लबांसाठी बाद पद्धतीची स्पर्धा सुरू केली ती 1977 मध्ये, तीच फेडरेशन कप. पहिला अंतिम सामना एर्नाकुलमला. एका बाजूला मोहन बागान, दुसऱ्या बाजूला बंगळूरचा आयटीआय, म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, टेलिफोन बनवणाऱ्या कारखान्याचा संघ. निकाल 1-0. जिंकला कारखाना!

बाबा ही गोष्ट किती वेळा सांगायचे त्याला गणती नाही. त्यांना बंगळूरशी काय देणंघेणं? पण कारखान्याचं कार्ड पंच करणाऱ्या माणसाला त्यातून जे कळायचं होतं ते कळलं होतं.

राष्ट्रीय लीग आली 1996 ला. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं देशातला अव्वल क्लब कोणता याचा निकाल फेडरेशन कपच लावत होता. आणि लोक किती यायचे? 1997 ची उपांत्य फेरी, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान, कलकत्त्याचं सॉल्ट लेक मैदान. सव्वा लाखाहून जास्त माणसं. बायचुंग भुतियाची हॅटट्रिक, ईस्ट बंगाल 4-1. आणि मग अंतिम सामन्यात त्याच ईस्ट बंगालला कोणी हरवलं, तर गोव्याच्या साळगावकरने. बाद पद्धत ही अशी असते.

मुंबईचा नंबर लागला 2003 ला आणि पुन्हा 2005 ला. दोन्ही वेळा महिंद्रा युनायटेड. हा संघ मोटारी बनवणाऱ्या महिंद्रा आणि महिंद्राचा. खोपोलीत महिंद्राचाच पोलाद कारखाना, त्यामुळे आमच्याकडे तो आपलाच संघ असल्यासारखं बोललं जायचं. खोपोलीचं कोणी त्यात खेळत नव्हतं, पण नाव तर रोज गेटवर दिसायचं.

पण तोवर रोव्हर्स बंद पडला होता. शेवटचा झाला 2000-01 च्या हंगामात. महिंद्राने 2010 मध्ये संघ बंद केला. फेडरेशन कपही 2017 ला संपला आणि 2018 पासून त्याच्या जागी सुपर कप आला. सुपर कपमध्ये असतात ते आयएसएल आणि आय-लीगचे क्लब.

माझी खंत इथे आहे. संघ बंद पडतात, कंपन्यांची मर्जी बदलते, ते मी समजू शकतो. आयटीआय आणि महिंद्रा दोघेही कंपनीच्या पैशावर उभे होते, आणि तो थांबला की मागे वस्ती उरत नाही, हेही खरंच. पण दार का लावायचं? आमच्या याच कर्जत मार्गावर अंबरनाथ आहे. तिथला अंबरनाथ युनायटेड अटलांटा हा क्लब आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत खेळलेला आहे. इंग्लंडच्या एफए कपमध्ये पाचव्या-सहाव्या श्रेणीतला क्लबही प्राथमिक फेऱ्या पार करत मँचेस्टर युनायटेडसमोर उभा राहू शकतो. आपल्याकडे अंबरनाथने मोहन बागानशी बाद फेरीत खेळायचं म्हटलं, तर आधी पायऱ्या चढून वर यावं लागेल. नव्वद मिनिटांत निकाल लावायची संधीच नाही. अहो, आमच्या गावच्या कबड्डीलासुद्धा प्रवेश फी भरली की कोणीही उतरतो.

बाबा आता नाहीत. गेल्या पावसाळ्यात कर्जत स्टेशनबाहेर चिखलात फुटबॉल खेळणारी पोरं बघत उभा होतो. एकाच्या अंगात मेस्सीचा शर्ट, दुसऱ्याच्या अंगात रोनाल्डोचा. मुंबईचा एकही नाही. त्यांना दोष देत नाही मी. त्यांच्या बाबांनी त्यांना न्यावं असा रोव्हर्स आता कुठे आहे?

तुमच्यापैकी कोणी कूपरेजला रोव्हर्स बघितला असेल, तर जरूर कळवा. कोण जिंकलं हे सांगाच, पण घरी कसे परतलात तेही सांगा. भेटू पुढच्या भागात.