ॲरन, हँक
(५ फेब्रुवारी १९३४–२२ जानेवारी २०२१). थोर अमेरिकन बेसबॉलपटू. जन्म अलाबामा राज्यातील मोबील येथे. कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र लीगमध्ये काही काळ खेळून त्यांनी १९५४ मध्ये मिलवॉकी ब्रेव्ह्‌ज संघातून मेजर लीगमध्ये पदार्पण केले. बेब रूथ यांचा ७१४ होमरनचा विक्रम दृष्टिपथात येताच त्यांना वर्णद्वेषी धमक्यांची असंख्य पत्रे आली. त्यांचा खेळ मात्र ढळला नाही. ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटा येथे अल डाउनिंग यांच्या चेंडूवर त्यांनी ७१५ वा होमरन फटकावला. चेंडू डावीकडील कुंपणापलीकडे गेला व त्यांच्याच संघातील एका राखीव पिचरने तो झेलला. १९७६ मध्ये निवृत्त होईपर्यंत ही संख्या ७५५ झाली. केवळ होमरनवरून त्यांची थोरवी मोजणे अपुरे ठरते. ते वगळले, तरी त्यांच्या ३,७७१ हिट्सपैकी ३,०१६ उरतात. १९८२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये समावेश.