डिसोटो, सातारा रोड मार्गे

मोटारींच्या इतिहासावर मराठीत जे लिहिले जाते, त्याची सुरुवात बहुधा एखाद्या राजवाड्याच्या गॅरेजपासून होते. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला निघणारी मेबॅक पाहायला आजही लोक दसरा चौकात ताटकळत उभे राहतात, आणि ती गाडी तशी आहेच. पण सांगली, मिरज, औंध, फलटण, जत अशा संस्थानांनी भरलेल्या आमच्या मुलखात मोटारीचा इतिहास राजवाड्यांपेक्षा रेल्वे स्टेशनांवर अधिक सापडतो, असे माझे मत होत गेले आहे.

पुण्याहून मिरजेकडे जाणारा लोहमार्ग पूर्वी मीटरगेज होता. त्यावर सातारा रोड, कराड आणि किर्लोस्करवाडी ही तीन स्टेशने लागतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत या तिन्हींच्या अंगाला कारखाने उभे राहिले. कराड स्टेशनाजवळ ओगलेवाडी, जिथली काच आणि प्रभाकर कंदील घरोघर गेले. किर्लोस्करवाडीला 1910 पासून लोखंडी नांगर. आणि सातारा रोडला, म्हणजे पाडळीच्या शिवारात, धनजीशा कूपर यांचा कारखाना. पहिल्या दोन गावांवर मराठीत भरपूर लिहून झाले आहे. तिसऱ्याच्या वाट्याला फारसे काही आले नाही, आणि मला सांगायची गोष्ट नेमकी त्याच स्टेशनावरून जाते. ती गोष्ट आहे डिसोटोची.

माझ्या लहानपणी सांगलीत कोणतीही लांबलचक, पोट सुटलेली मोटार दिसली की तिला ‘डिसोटो’ म्हणणारी म्हातारी माणसे होती. गाडी डॉज असो की प्लायमाउथ, त्यांच्या लेखी ती डिसोटोच. मोटारीची पारख असणारे त्यांना हसत. पुढे या विषयाचे कागद चाळायला लागलो तेव्हा ध्यानात आले की म्हाताऱ्यांचे फारसे चुकत नव्हते.

या तिन्ही नावांचे घर एकच, डेट्रॉइटची क्रायस्लर कंपनी. वॉल्टर क्रायस्लर हा मूळचा रेल्वेच्या कारखान्यातला मेकॅनिक. 1925 मध्ये त्याने स्वतःच्या नावाची कंपनी काढली आणि तीनच वर्षांनी, 1928 च्या उन्हाळ्यात, एका दमात तीन डाव टाकले. फोर्ड आणि शेव्हरोलेशी स्पर्धा करायला प्लायमाउथ ही स्वस्त गाडी आणली, डॉज बंधूंची नावाजलेली कंपनी विकत घेतली, आणि मधल्या किमतीच्या गिऱ्हाइकासाठी डिसोटो हे नवे नाव सुरू केले. नाव घेतले ते सोळाव्या शतकात मिसिसिपी नदीपर्यंत पोचलेल्या एर्नांदो द सोतो या स्पॅनिश मोहीमवाल्याचे. पहिल्या बारा महिन्यांत डिसोटोच्या 81,065 गाड्या खपल्या. त्या काळी नव्या नावाच्या मोटारीचा एवढा खप कोणी पाहिला नव्हता.

क्रायस्लरची ही रचना शिडीसारखी होती. तळाला प्लायमाउथ, मधल्या पायऱ्यांवर डॉज आणि डिसोटो, वर खुद्द क्रायस्लर. कारकुनाने प्लायमाउथ घ्यावी आणि पगार वाढेल तसे शिडी चढत जावे. परदेशी पाठवायच्या गाड्यांत मात्र ही शिडी बरीचशी रंगवलेली असे. ‘डिसोटो डिप्लोमॅट’ नावाने जी गाडी बाहेर जाई ती आतून प्लायमाउथच होती. पुढची जाळी, बिल्ला आणि नक्षी तेवढी वेगळी. ‘डॉज किंग्जवे’ची कथा तीच. एकाच मूर्तीला तीन मुखवटे. म्हणून म्हणतो, सांगलीची म्हातारी माणसे चुकत नव्हती.

आता प्रश्न असा की अमेरिकेत जी कारकुनाची गाडी, ती आपल्याकडे सरदार-सावकारांची कशी झाली? बोटीचे भाडे, जकात, पेट्रोलचा खर्च, ड्रायव्हरचा पगार ही कारणे आहेतच. पण गाडी इथे बनत नव्हती, हे त्यांतले सर्वांत मोठे. आणि ती इथे का बनत नव्हती, याचे उत्तर वालचंद हिराचंद यांच्या आयुष्यात सापडते.

वालचंदांचा जन्म 1882 चा, सोलापूरचा. तेही रेल्वेतूनच वर आले. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाबरोबर भागी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या मातीकामाचा ठेका घेतला, तिथून पुढे बोगदे, पूल, साखर, जहाजे. 1939 मध्ये ते मोटारीच्या कारखान्याची बोलणी करायला अमेरिकेला गेले. त्याआधी सर विश्वेश्वरय्यांनी हीच कल्पना घेऊन परदेश पालथा घातला होता, आणि मुंबई प्रांतातले बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ तिला अनुकूल होते. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी मुंबईत आपापले जुळणीचे कारखाने 1920 च्या दशकातच उघडले होते. पेट्यांतून आलेले भाग इथे जोडायचे आणि विकायचे, हा त्यांचा धंदा सुखाने चालला होता. भारतीय मालकीच्या कारखान्याला आपले तंत्र देऊन त्यांना काय मिळणार होते? तयार झाली ती क्रायस्लर. या बाजारात तिचा जम बसलेला नव्हता, म्हणूनही असेल.

याच दौऱ्याच्या परतीच्या विमानप्रवासात वालचंदांना विल्यम पॉली हा विमान उद्योगातला अमेरिकन भेटला. त्या गप्पांतून डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरची हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी जन्मली. मोटार आणायला गेलेला माणूस विमान घेऊन आला! मोटारीला मात्र सरकारने दाद दिली नाही. नोव्हेंबर 1939 मध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता. म्हैसूर संस्थान पुढे आले, तर त्यालाही हिंदुस्थान सरकारने आडकाठी केली. मोटारीचा कारखाना युद्धकार्याला आवश्यक नाही आणि त्यासाठी डॉलर देता येणार नाहीत, असे सांगण्यात आले. लष्कराला ट्रकांची टंचाई असताना हे उत्तर मिळावे, यात विलायती कारखानदारांची काळजी किती आणि युद्धाची किती, हे वाचकांनीच ठरवावे. मला तरी पहिलीचे पारडे जड वाटते.

मोटारीची वाट अशी अडलेली असताना, 1940 मध्येच, वालचंदांनी सातारा रोडचा कूपर यांचा कारखाना आपल्या समूहात घेतला. चरित्रांतून या व्यवहाराला दोनचार ओळी मिळतात. मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

कूपर हे मोठे वेगळे गृहस्थ. पारशी, पण कर्तृत्व सगळे साताऱ्याच्या मातीत. जिल्ह्याच्या राजकारणात ब्राह्मणेतर पक्षाच्या साथीने वर आले. 1937 च्या निवडणुकीनंतर काँग्रेसने सत्ता घ्यायला आढेवेढे घेतले, तेव्हा एप्रिल ते जुलै असे तीनेक महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानपद त्यांच्याकडे होते. म्हणजे या प्रांताचा पहिला पंतप्रधान इंजिनांचा कारखानदार होता, ही गोष्ट आपण किती सहज विसरलो! त्यांच्या कारखान्याची सुरुवात नांगर आणि उसाच्या चरकांपासून झाली, किर्लोस्करांसारखीच. पण 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे डिझेल इंजिन तयार झाले. देशात बनलेल्या अगदी पहिल्या डिझेल इंजिनांत त्याची गणना होते. कृष्णाकाठच्या विहिरींवर मोटेची जागा ज्या इंजिनांनी घेतली, त्यांत कूपर हे नाव ठळक आहे.

इथे थोडे ओतीव कामाविषयी बोलायला हवे, कारण सगळी मेख तिथे आहे. मोटार म्हणजे पत्रा, काच आणि गाद्या असे बघणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात मोटार म्हणजे इंजिनाचा ब्लॉक. तो लोखंडाच्या रसातून ओतावा लागतो. बाहेरचा आकार वाळूच्या साच्यात, आणि आतल्या पोकळ्या, म्हणजे सिलिंडर आणि त्यांच्याभोवती पाणी खेळवायच्या वाटा, साच्यात बसवलेल्या वाळूच्या गाभ्यांनी तयार होतात. गाभा केसभर सरकला की एका बाजूची भिंत पातळ होते आणि ब्लॉक भंगारात. विहिरीवरचे इंजिन मंद गतीचे, एका सिलिंडरचे, जाड भिंतींचे. त्यात थोडी चूक खपून जाते. प्लायमाउथ-डॉजचे इंजिन सहा सिलिंडरचे, एका ओळीतले. भिंती पातळ, गाभे अनेक, आणि आतून घासून काढताना इंचाच्या हजाराव्या भागाचा हिशेब. या दोन कामांत अंतर पुष्कळ आहे. पण ते एकाच विद्येतले अंतर आहे. ज्या गावात सुतार लाकडाचा पॅटर्न अचूक करतो, मोल्डरला वाळूची ओल मुठीत कळते आणि भट्टीवाला रसाचा रंग ओळखतो, ते गाव पहिल्या कामावरून दुसऱ्यावर जाऊ शकते. डेट्रॉइटच्या आसपासची गावेही तशीच गेली होती. तिथे आधी स्टोव्ह आणि गाड्यांची चाके होत.

म्हणून 1940 च्या व्यवहाराकडे मी मोटारीच्या इतिहासातले पान म्हणून पाहतो. कूपर कारखाना इंजिने आणि यंत्रहत्यारे करीत राहिला; मोटारीचे ब्लॉक ओतण्यासाठीच तो घेतला असे मी म्हणणार नाही. पण मोटार काढू पाहणाऱ्या माणसाने त्याच वर्षी इंजिन ओतणारी, घासणारी, चालवून पाहणारी माणसे आपल्या पदरी आणली, एवढे नक्की. देशात हात नव्हते म्हणून मोटार झाली नाही, असे जे सांगितले जाते, ते सातारा रोडकडे पाहिले तर टिकत नाही. हात होते, परवाना नव्हता.

परवानगीची वाट पाहण्यात चार वर्षे गेली. प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 मध्ये स्थापन झाली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला, आणि मार्च 1947 मध्ये, स्वातंत्र्याला पाच महिने असताना, पहिली गाडी बाहेर पडली. डॉज, डिसोटो, प्लायमाउथ या मोटारी आणि डॉज-फार्गोचे ट्रक. सुरुवातीला हीही जुळणीच होती. भाग अमेरिकेतून येत. इंग्रजी राज्य संपता संपता ‘किंग्जवे’ नावाची मोटार स्वदेशी म्हणून रस्त्यावर यावी, हा योग मजेदार खरा.

त्याच 1947 साली सांगलीत धोंडूमामा साठे यांनी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज काढले. अभियांत्रिकीच्या पदवीसाठी मराठी मुलांना तोवर पुण्या-मुंबईखेरीज जायला जागा नव्हती, आणि संस्थानाच्या गावात असले धाडस करणे म्हणजे लोकांना वेड वाटावे असेच होते. कॉलेजची पैशाची ओढाताण पुढे वालचंदांच्या कुटुंबाने मिटवली. वालचंद एप्रिल 1953 मध्ये वारले होते. 1955 मध्ये कॉलेजची व्यवस्था बदलली आणि त्याला त्यांचे नाव मिळाले. स्थापत्याच्या जोडीला यंत्र आणि विद्युत या शाखाही त्याच विस्तारात आल्या. विश्रामबागेतल्या त्या इमारतीवरून सांगलीकर रोज जातात, पण या नावाचा डिसोटोशी काही संबंध असेल असे कोणाच्या मनात येत नाही.

इकडे दिल्लीत मोटारीचे भवितव्य ठरत होते. 1953 च्या जकात आयोगाने सांगितले की ज्यांच्याकडे इथेच मोटार बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला, प्रीमियर टिकली. वालचंदांचा 1939 चा आग्रह चौदा वर्षांनी धोरण झाला. पण त्याच सुमारास मोटार ही चैनीची वस्तू ठरली, आणि मग किती गाड्या काढायच्या, परदेशी चलन किती मिळणार, सगळ्यावर दिल्लीची मोजपट्टी आली. आधी परक्या सरकारने मोटार आवश्यक नाही म्हणून अडवली, नंतर आपल्या सरकारने चैन म्हणून आखडली. गाड्या थोड्या म्हणून महाग, आणि महाग म्हणून चैनीच्या. डेट्रॉइटच्या शिडीची सर्वांत खालची पायरी आपल्याकडे अखेरपर्यंत माडीवरच राहिली. कारखानदारांनीही गिऱ्हाईक रांगेत उभे आहे म्हटल्यावर सुधारणा करण्याची फार तसदी घेतली नाही, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे.

प्रीमियरने 1951 मध्ये इटलीच्या फियाटशी करार केला. लहान गाडी, कमी पेट्रोल, कमी लोखंड. ती पुढे पद्मिनी झाली आणि तिची हकिगत सगळ्यांना ठाऊक आहे. मोठ्या अमेरिकन गाड्या हळूहळू मागे पडल्या. कित्येक मुंबईच्या टॅक्सीत गेल्या. अमेरिकेतही मधल्या पायरीवर गर्दी झाली होती. वरून क्रायस्लर आणि खालून डॉज यांनी डिसोटोला चेपले, आणि 30 नोव्हेंबर 1960 रोजी कंपनीने ते नाव बंद केले. त्याच महिन्यात, नऊ दिवस आधी, 1949 पासून ‘दक्षिण सातारा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. बिल्ला बदलला, शेते, विहिरी आणि त्यांवरची कूपरची इंजिने जागच्या जागी होती.

सातारा रोडची ओतशाळा नंतर वालचंदनगर इंडस्ट्रीजची झाली. तिथे लोखंड ओतायचे थांबले नाही.