शाळेविना शिक्षण : स्वयंशिक्षणाची वाट, कायदा आणि पालकांची जबाबदारी

मूल सहा वर्षांचे झाले की त्याला शाळेत घालावयाचे, ही गोष्ट बहुतेक भारतीय घरांत वेगळा विचार न करताच ठरलेली असते. काही पालक मात्र जाणीवपूर्वक दुसरी वाट धरतात. ते मुलाला शाळेत पाठवीत नाहीत किंवा मध्येच शाळेतून काढतात आणि त्याचे शिक्षण घरीच चालवितात. या पद्धतीला होमस्कूलिंग किंवा गृहशिक्षण असे म्हणतात. संख्येने ही कुटुंबे थोडी असली तरी पुणे, मुंबई, बंगळूर यांसारख्या शहरांत त्यांचे गट तयार झाले असून ‘स्वशिक्षण’ या नावाने त्यांची एक संघटनाही आहे. ही पद्धत नेमकी काय आहे, कायद्याच्या दृष्टीने तिचे स्थान कोणते आणि पुढे परीक्षांचे काय, यासंबंधीची माहिती या लेखात दिली आहे.

गृहशिक्षण आणि स्वयंशिक्षण

गृहशिक्षणाचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात एखाद्या मंडळाचा अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके व वेळापत्रक घेऊन शाळेचेच काम घरी केले जाते. दुसऱ्या प्रकारात ठरावीक अभ्यासक्रम नसतो. काय शिकावयाचे, केव्हा आणि किती, हे मुलाच्या कुतूहलावर सोपविलेले असते आणि पालक साधने, माणसे व अनुभव मिळवून देण्याचे काम करतात. या दुसऱ्या प्रकाराला इंग्रजीत ‘अनस्कूलिंग’ म्हणतात. मराठीत स्वयंशिक्षण हा शब्द त्याला जवळचा आहे.

‘अनस्कूलिंग’ हा शब्द अमेरिकेतील शिक्षक व लेखक जॉन होल्ट (१९२३-१९८५) यांनी रूढ केला. मुलांच्या अपयशाची कारणे शोधणारे त्यांचे ‘हाउ चिल्ड्रेन फेल’ हे पुस्तक १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. चुकीच्या उत्तराची भीती आणि शिक्षकाला हवे ते उत्तर देण्याची धडपड यांमुळे मुलाचे शिकणे थांबते, असा त्यांचा निष्कर्ष होता. प्रारंभी त्यांना शाळा सुधारावयाच्या होत्या. ती आशा मावळल्यावर त्यांनी १९७७ मध्ये शाळेविना वाढणाऱ्या मुलांच्या कुटुंबांसाठी नियतकालिक सुरू केले. त्याआधी १९७१ मध्ये इव्हान इलिच यांच्या ‘डीस्कूलिंग सोसायटी’ या ग्रंथाने शिक्षण म्हणजे शाळा या समीकरणालाच आव्हान दिले होते.

भारतातील पूर्वसूत्र

हा विचार भारताला सर्वस्वी नवा नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी व कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने बालशिक्षणाचा पाया घातला. धाक व शिक्षा नको, मुलाच्या अंगभूत हालचालीतून शिक्षण व्हावे, हा त्यांचा आग्रह होता. अर्थात त्यांना शाळा बदलावयाची होती, मोडावयाची नव्हती. शाळेलाच पर्याय शोधण्याचा प्रयत्न उदयपूरच्या ‘शिक्षांतर’ या संस्थेने १९९८ पासून केला आहे.

गृहशिक्षणाचे भारतातील सर्वांत परिचित उदाहरण महात्मा गांधींच्या घरातील आहे आणि ते बोधप्रद आहे. १८९७ मध्ये गांधीजी दरबानला परतले तेव्हा त्यांच्यासमवेत नऊ व पाच वर्षांचे दोन मुलगे आणि दहा वर्षांचा भाचा होता. युरोपीय मुलांच्या शाळेत त्यांना केवळ मेहेरबानी म्हणून प्रवेश मिळू शकला असता. इतर हिंदी मुलांना जे मिळत नाही ते आपल्या मुलांसाठी घ्यावयाचे नाही, असे ठरवून त्यांनी मुलांना घरीच ठेवले. काही काळ इंग्रज शिक्षिका नेमली. पुढे जोहान्सबर्ग येथे घरून कार्यालयात चालत जाताना व परतताना ते मुलांशी बोलत आणि तेच त्यांचे शिक्षण असे.

या प्रयोगाची दुसरी बाजू गांधीजींनी आत्मकथेत स्वतःच नोंदविली आहे. सार्वजनिक कामांमुळे मुलांना पुरेसा वेळ देता आला नाही, त्यांचे अक्षरज्ञान कच्चे राहिले आणि याबद्दल मुलांची तक्रार राहिली, हे त्यांनी मान्य केले. त्याचबरोबर स्वातंत्र्य व स्वाभिमान यांचे जे धडे मुलांना मिळाले ते शाळेत मिळाले नसते, असेही त्यांचे मत होते. थोरले चिरंजीव हरिलाल यांना हे पटले नाही. औपचारिक शिक्षणाच्या ओढीने १९११ मध्ये ते वडिलांपासून दूर होऊन अहमदाबादला मॅट्रिकच्या अभ्यासासाठी निघून आले. निर्णय पालकाचा आणि परिणाम मुलाचा, हा गृहशिक्षणातील मूळ पेच या एका घटनेत स्पष्ट दिसतो.

प्रत्यक्ष व्यवहार

स्वयंशिक्षणात तासिका नसतात, तथापि शिस्त नसते असे नव्हे. स्वयंपाकघरातील मापे, बाजारातील हिशेब किंवा शिवणकामातील मोजमाप यांतून अपूर्णांक व प्रमाण यांची ओळख होते. एखाद्या मुलाला पक्ष्यांचा नाद लागला तर त्यातूनच वाचन, नोंदी, नकाशे, ऋतुमान आणि चित्रकला यांपर्यंत तो पोहोचतो. वाचनालये, संग्रहालये, शेती, कारागिरांच्या कार्यशाळा आणि अलीकडे इंटरनेट ही या मुलांची साधने होत. काही मुले वाचावयास उशिरा शिकतात आणि या काळात पालकांच्या संयमाची कसोटी लागते.

पालकाला सर्व विषय यावेत अशी अपेक्षा नसते. मुलाजवळ राहण्याइतका वेळ मात्र असावा लागतो. अनेक कुटुंबांत त्यासाठी आई किंवा वडील यांपैकी एकाला नोकरी सोडावी लागते किंवा कमी करावी लागते. हा खर्च शाळेच्या शुल्कात मोजता येत नाही. समवयस्कांची सोबत हाही आपोआप न मिळणारा भाग आहे. क्रीडांगण, छंदवर्ग किंवा इतर कुटुंबांच्या भेटी यांतून ती मिळवून द्यावी लागते.

कायदा काय म्हणतो

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ‘२१ क’ हे कलम घालण्यात आले आणि ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्यानुसार झालेला २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याच्या दहाव्या कलमानुसार मुलाला जवळच्या शाळेत प्रवेश देणे किंवा देवविणे हे प्रत्येक पालकाचे कर्तव्य आहे. मात्र ते न पाळणाऱ्या पालकाला कायद्यात कोणतीही शिक्षा सांगितलेली नाही. ‘सक्ती’ प्रामुख्याने शासनावर आहे : शाळा उपलब्ध करून देणे आणि मुलाचा प्रवेश, उपस्थिती व शिक्षणपूर्ती पाहणे हे शासनाचे बंधन होय. कायद्यात गृहशिक्षणाला स्पष्ट मान्यता नाही आणि स्पष्ट मनाईही नाही.

हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१२ मध्ये केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्राद्वारे असे सांगितले की, स्वेच्छेने गृहशिक्षण निवडणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही. सरकारची ही त्या वेळची भूमिका होती. तो न्यायालयाचा निर्णय नव्हे, हे लक्षात ठेवावे लागते. याखेरीज अठराव्या कलमानुसार मान्यतेविना शाळा चालविल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे अनेक कुटुंबांची मुले रोज एकत्र जमवून शिकविल्यास तो गट शाळा ठरतो काय, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो.

परदेशांतही एकवाक्यता नाही. अमेरिकेच्या सर्व राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर आहे. जर्मनीत मुलाने शाळेत जाणे बंधनकारक असून ते धोरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००६ व २०१९ मधील प्रकरणांत ग्राह्य मानले.

परीक्षांची दारे

अभ्यासक्रम नाकारला तरी प्रमाणपत्राची गरज संपत नाही. गृहशिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी सर्वांत प्रशस्त दार राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था तिसरी, पाचवी व आठवीशी समकक्ष असे मूलभूत स्तर तसेच दहावी व बारावीच्या परीक्षा घेते. दहावीसाठी किमान वय १४ व बारावीसाठी १५ वर्षे आहे. पाच वर्षांच्या मुदतीत नऊ संधी मिळत असल्याने एकेक विषय सवडीने देता येतो. दहावीसाठी मराठी माध्यमही उपलब्ध असल्याने महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही सोय विशेष उपयोगी आहे.

महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला खासगी विद्यार्थी म्हणून १७ क्रमांकाचा अर्ज भरून बसता येते. त्यासाठी पूर्वीच्या शाळेचा दाखला लागतो. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाकडे तो नसतो, ही अडचण आधीच ध्यानात घेतलेली बरी.

दहावी-बारावीची पायरी पूर्णपणे वगळणे धोक्याचे ठरू शकते. मुंबईतील एका मुलीने सातवीनंतर शाळा सोडून स्वतःच्या ओढीने संगणकशास्त्राचा अभ्यास केला आणि आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिम्पियाडमध्ये पदके मिळविली. २०१६ मध्ये तिला अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेत प्रवेश मिळाला. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने देशातील आयआयटीचे दार मात्र तिला बंद होते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने तिला अभ्यासाची संधी दिली, हा अपवाद होता. अशी ऑलिम्पियाड पदके फारच थोड्यांना मिळतात. इतरांना प्रमाणपत्राचाच आधार असतो.

संशोधनाचे निष्कर्ष

कॅनडात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५ ते १० वर्षे वयाच्या ३७ गृहशिक्षित मुलांची तेवढ्याच शाळकरी मुलांशी तुलना करण्यात आली. आखीव पद्धतीने घरी शिकणारी मुले शाळकरी मुलांच्या पुढे होती. अभ्यासक्रमाविना शिकणारी १२ मुले मात्र सर्वांत मागे आढळली. दुसरीकडे, अभ्यासक्रमाविना वाढलेल्या ७५ प्रौढांच्या पाहणीत पीटर ग्रे व जीना रायली या अमेरिकन अभ्यासकांना बहुतेक जण समाधानी आढळले; आपले नुकसानच अधिक झाले, असे केवळ तिघांनी सांगितले. पहिल्या अभ्यासात मुले थोडी होती आणि लहान वयातील चाचण्या शाळेच्या क्रमानेच मोजमाप करतात. दुसऱ्यात लोक आपणहून सहभागी झाले होते. त्यामुळे दोन्हींपैकी एकावरून अंतिम निर्णय काढता येत नाही.

शाळेचे दुसरे मोल

या विषयाकडे पाहताना महाराष्ट्राचा इतिहास विसरता येत नाही. जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा शाळेचे दार उघडणे हीच क्रांती होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतिरावांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली आणि राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात ते लागू केले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या घरीच ठेवले गेले त्यांच्यासाठी घर हे स्वातंत्र्याचे ठिकाण नव्हते. आजही ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातील मूल किंवा धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहिलेली मुलगी शासनाच्या भाषेत ‘शाळाबाह्य’ असते. स्वखुशीने शाळा नाकारणारे सुशिक्षित कुटुंब आणि नाइलाजाने शाळेला मुकलेले मूल यांत हा शब्द फरक करीत नाही. गृहशिक्षणाला मोकळीक देताना दुसऱ्या मुलाचे संरक्षण ढिले होणार नाही, हे पाहणे हाच धोरणापुढील खरा प्रश्न आहे.

निर्णयापूर्वी

ही वाट धरू इच्छिणाऱ्या पालकांना काही गोष्टी आधी पाहाव्या लागतात : दिवसाचा वेळ कोण देणार, मुलाला सवंगडी कोठे मिळणार, शिकण्याच्या नोंदी कशा ठेवावयाच्या आणि कोणत्या वयात कोणती परीक्षा द्यावयाची. परतीची वाट मात्र कायद्याने खुली ठेवली आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही मिळतो.

याखेरीज आणखी एक अट आहे आणि ती कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. मुलाच्या इच्छेने शिक्षण चालावयाचे असेल तर, मला शाळेत जावयाचे आहे, ही इच्छाही त्याने मोकळेपणाने बोलून दाखविता आली पाहिजे आणि पालकांनी ती मानली पाहिजे.