वाडिया ग्रंथालयातल्या दोन गोळ्या

मी घाटकोपरमध्ये उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. अकरावी-बारावीच्या वादविवादासाठी मुलांनी यंदा स्वतःच एक विषय सुचवला: कॉलेजच्या विद्यार्थ्यांना स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगायची परवानगी असावी का? अमेरिकेत काही राज्यांत अशी परवानगी आहे, हे त्यांनी मोबाइलवर पाहिले होते. बाजूने बोलणारी मुलेच जास्त निघाली. "मॅडम, आपल्याकडे असे कधी झालेच नाही, मग कळणार कसे?" असे एकाने विचारले. आपल्याकडे झालेले आहे. आपल्याच महाराष्ट्रात, एका नावाजलेल्या कॉलेजात एक विद्यार्थी रिव्हॉल्व्हर लपवून आला होता. ती हकीकत पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीत उरकली जाते, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात सोलापूरपासून करावी लागेल. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली. गिरण्यांचे गाव असलेल्या सोलापुरात हरताळ पडला. ८ मे रोजी पोलिसांनी जमावावर गोळीबार केला, माणसे मेली, चिडलेल्या जमावाच्या हातूनही पोलीस मेले आणि न्यायालयाची इमारत जळाली. पुढचे काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरलाच नव्हता. मग १२ मे रोजी मार्शल लॉ आला आणि जूनअखेरपर्यंत राहिला. गांधीटोपी घातली किंवा तिरंगा लावला म्हणून लोकांना शिक्षा झाल्या. शेवटी पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. सोलापूरकर आजही मानतात की तो खटला न्यायाचा नव्हता, सूडाचा होता. चौघांचे पुतळे तिथे एकत्र उभे आहेत.

कुर्बान हुसेन फाशी गेले तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेले होते. गिरणी कामगारांत काम करायचे आणि 'गझनफर' नावाचे वृत्तपत्र चालवायचे. गझनफर म्हणजे सिंह. माझ्या उर्दूच्या मुलांना अर्थ सांगावा लागत नाही, मराठीच्या मुलांना सांगते.

या फाशीची आग पुण्यातल्या एका विद्यार्थ्याच्या मनात पेटली. वासुदेव बळवंत गोगटे, फर्ग्युसन कॉलेजचा विद्यार्थी. सोलापूरच्या दडपशाहीच्या वेळी मुंबई सरकारचे गृहखाते सर अर्नेस्ट हॉटसन यांच्याकडे होते. १९३१ मध्ये हेच हॉटसन हंगामी गव्हर्नर झाले आणि २२ जुलै रोजी फर्ग्युसनला भेट द्यायला आले. कॉलेज पाहता पाहता ते वाडिया ग्रंथालयात शिरले. तिथे पुस्तकांच्या कपाटांमध्ये गोगटे उभे होते. त्यांनी अगदी जवळून दोन गोळ्या झाडल्या. हॉटसन वाचले. खिशातल्या वहीच्या धातूच्या बटणामुळे वाचले असे कोणी म्हणते, आत चिलखत होते असे कोणी म्हणते. गोगट्यांना तिथेच पकडले आणि आठ वर्षांची सक्तमजुरी झाली. सुटल्यावर ते वकील झाले, राजकारणात आले. पुणे त्यांना शेवटपर्यंत 'हॉटसन गोगटे' याच नावाने ओळखत राहिले.

पुढच्याच वर्षी, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी, कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बीना दास या तरुणीने गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. जॅक्सनही वाचला. बीना दासना नऊ वर्षांची शिक्षा झाली.

ही मुले भ्याड नव्हती आणि स्वार्थीही नव्हती. त्यांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्या हातातले शस्त्र आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या वादातले शस्त्र एक नाही. गोगट्यांनी रिव्हॉल्व्हर आणले ते स्वतःला वाचवण्यासाठी नव्हे. पकडले जाणार हे माहीत असूनच ते आले होते. बाकावरच्या शेजाऱ्याची भीती वाटते म्हणून कोणी पिस्तूल आणल्याचे त्या पिढीच्या कहाणीत मला कुठे दिसत नाही. आणि इतका मोठा हेतू पाठीशी असूनही त्या दोन गोळ्यांनी सोलापूरचा न्याय परत मिळाला नाही. चार पुतळ्यांपाशी लोक अजून जातात, कारण चार जातिधर्मांची माणसे एका मागणीसाठी एकत्र आली होती.

मुलांचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार होता. "इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र केले, मग स्वतंत्र देशात आपण निःशस्त्र का राहायचे?" हा प्रश्न आपल्या पूर्वजांनीही विचारला होता. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना सूट दिली. अहिंसेचे पुजारी असलेल्या गांधीजींनीसुद्धा त्या कायद्यावर कडक टीका केली. मार्च १९३१ मध्ये, म्हणजे फर्ग्युसनच्या घटनेआधी चारच महिने, सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखाली कराचीला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने मूलभूत हक्कांचा ठराव केला. त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता.

पण संविधान लिहायची वेळ आली तेव्हा काय झाले? डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी संविधान सभेत आग्रह धरला की कराचीचा तो हक्क संविधानात घाला. सभेने तो नाकारला. फाळणीच्या कत्तलींना तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते. हत्यारे सगळ्यांच्या हातात आली की दुबळा सुरक्षित होत नाही, हे त्या सभागृहाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेल्या संविधानात अनुच्छेद १९ आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क देतो, पण शांततेने आणि विनाशस्त्र. एकेकाळी ज्यांनी शस्त्राचा हक्क मागितला, त्यांनीच हा शब्द स्वीकारला.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार आज २१ वर्षे पूर्ण नसलेल्याला बंदुकीचा परवाना मिळत नाही. म्हणजे कॉलेजातली बहुतेक मुले तिथेच बाद होतात. आणि ज्याला परवाना आहे त्यालाही खास परवानगीशिवाय शिक्षणसंस्थेच्या आवारात शस्त्र नेता येत नाही, ही परवान्याचीच अट आहे.

आता अमेरिका. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना ठार केले. त्यात आपल्या बोरिवलीची एक मुलगी होती, शिकायला गेलेली. तिच्या वर्गाचे तमिळ प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन हेही त्याच वर्गात गेले. मारेकऱ्याने दोन्ही पिस्तुले विकत घेतली होती. त्यानंतर तिथल्या काही विद्यार्थ्यांनी मागणी केली की आम्हालाही पिस्तूल आणू द्या, म्हणजे असा हल्ला रोखता येईल. टेक्सासने तसा कायदा केला आणि तो १ ऑगस्ट २०१६ रोजी लागू झाला. बरोबर ५० वर्षांपूर्वी त्याच तारखेला टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून एका विद्यार्थ्याने गोळ्यांचा वर्षाव केला होता.

ती मागणी कुठून येते ते मला समजते. दार बंद, बाहेर मारेकरी, हातात काही नाही, ही कल्पनाच अंगावर काटा आणते. पण त्या दिवशी लिव्हिउ लिब्रेस्कू या सत्तरी ओलांडलेल्या प्राध्यापकांनी अंगाने दार अडवून धरले आणि मुलांना खिडकीतून उड्या मारायला वेळ मिळवून दिला. ते स्वतः गेले. आणि त्या गोंधळात दोन-चार मुलांच्या हातात पिस्तुले असती तर धावत आलेल्या पोलिसांनी मारेकरी कोणता हे कसे ओळखायचे?

हा शेवटचा प्रश्न मी आमच्या मुलांसमोर मुद्दाम ठेवते. आपल्या वस्तीतल्या पोराच्या दप्तरात चाकू जरी सापडला तरी "स्वसंरक्षणासाठी होता" हे त्याचे म्हणणे किती जण ऐकून घेतील? हत्यार सगळ्यांना सारखे सुरक्षित करत नाही. ज्याच्याकडे आधीच संशयाने पाहिले जाते, त्याला ते सर्वांत आधी बुडवते.

आणि कॉलेजात शिरलेल्या हिंसेची किंमत कोण भरतो, हे मुंबईने पाहिले आहे. १९८९ मध्ये कॉलेज निवडणुकांच्या काळात ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या कायद्याने विद्यापीठांतल्या थेट निवडणुका बंद झाल्या. हिंसा मूठभरांची, पण मताचा हक्क गेला तो लाखो विद्यार्थ्यांचा, दोन दशकांहून जास्त काळ.

भीती खरी असेल तर तिच्यासाठी मागण्या आहेत, आणि त्या मोठ्याने करायला हव्यात. तक्रार ऐकणारी समिती कागदावर नको, प्रत्यक्षात हवी. एकटा पडलेल्या, बिथरलेल्या मुलाकडे वेळीच लक्ष देणारा समुपदेशक हवा. संध्याकाळी सुटणाऱ्या मुलींसाठी स्टेशनपर्यंतच्या रस्त्यावर दिवे हवेत. या मागण्या पिस्तुलाइतक्या झगझगीत नाहीत, पण त्या मागण्यासाठी चार वेगवेगळ्या घरांतली मुले एकत्र यावी लागतात. सोलापूरचे चौघे तसेच एकत्र आले होते, आणि त्यांतल्या आपल्या कुर्बान हुसेनांनी सिंहाचे नाव दिले होते ते एका वृत्तपत्राला.