शिक्षक रहीमसाहेब : भारतीय फुटबॉलच्या सुवर्णकाळाचे शिल्पकार

भारतीय फुटबॉलचा सुवर्णकाळ म्हणून 1951 ते 1962 या काळाचा गौरवाने उल्लेख होतो. या काळाला आकार देणारे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शाळामास्तर होते. त्यांच्या कार्याचे मर्म त्या पेशातच सापडते.

रहीम यांचा जन्म 17 ऑगस्ट 1909 रोजी हैदराबादेत झाला. तेव्हाचे हैदराबाद संस्थान तेलुगू, मराठी आणि कानडी मुलखांचे मिळून बनलेले होते. मराठवाड्यातील तरुण उच्च शिक्षणासाठी ज्या उस्मानिया विद्यापीठात जात, त्याच विद्यापीठाचे रहीम पदवीधर. 1918 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी उर्दूतून दिले जाई. पदवीनंतर त्यांनी काचीगुडा, चादरघाट अशा भागांतील शाळांत अध्यापन केले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन ते शाळेतील खेळांची जबाबदारीही पाहू लागले. स्वतः उत्तम खेळाडू असलेल्या या शिक्षकाकडे 1943 मध्ये हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीसपद आले. ते त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले.

रहीमसाहेबांची शिकवण्याची पद्धत वर्गातल्या शिक्षकाची होती. ज्या विद्यार्थ्याचे गणित कच्चे, त्याच्याकडून गणितच अधिक करून घ्यावे, तसे ते खेळाडूंची उणीव हेरून सरावाची आखणी करीत. उजव्या पायाने सफाईने खेळणाऱ्याचा डावा पाय दुबळा राहतो, म्हणून त्यांनी केवळ दुबळ्या पायाने खेळण्याच्या स्पर्धा भरवल्या. चेंडू पायाशी घोळवत ठेवण्याचा मोह सुटावा आणि सहकाऱ्याकडे अचूक चेंडू देण्याची सवय लागावी, यासाठी चेंडू घोळवण्यास मनाई असलेल्या स्पर्धा घेतल्या. एकट्याच्या चमकदार कौशल्यापेक्षा अकरा जणांची जुळणी श्रेष्ठ, हा धडा त्यांनी व्याख्यानातून न देता खेळाच्या नियमातूनच दिला.

या शिकवणीचे पहिले मोठे फळ हैदराबाद सिटी पोलीस संघाच्या रूपाने दिसले. मुंबईच्या कूपरेज मैदानावर रंगणारा रोव्हर्स चषक या संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे जिंकला. 1950 चा ड्युरँड चषकही मोहन बागानसारख्या मातब्बर संघाला हरवून त्यांनी मिळवला. कलकत्त्याच्या मोठ्या क्लबांसमोर हैदराबादच्या पोलिसांचा हा संघ ताठ मानेने उभा राहिला.

राष्ट्रीय संघाची सूत्रेही रहीमसाहेबांकडे आली. 1951 मध्ये दिल्लीत भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने इराणला 1-0 असे नमवून सुवर्णपदक जिंकले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा दारुण पराभव पत्करावा लागला. तेथील थंडीत आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. या पराभवानंतर बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. रहीमसाहेब युरोपातील नव्या डावपेचांचा बारकाईने अभ्यास करीत. हंगेरीच्या संघाप्रमाणे मधल्या आघाडीपटूला थोडे मागे खेळवण्याची रचना त्यांनी आपल्या संघात आणली.

त्याचे चीज 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये झाले. 1 डिसेंबर रोजी भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरवले. मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी त्या सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलची उपांत्य फेरी गाठणारा भारत हा आशियातील पहिला देश ठरला आणि शेवटी चौथा आला. त्या संघात सिकंदराबादचे तुळसीदास बलराम होते. गरिबीमुळे सरावासाठी हैदराबादेपर्यंत येणेही या मुलाला परवडत नव्हते. रहीमसाहेबांनी त्याला सायकलच्या भाड्याचे पैसे दिले. विसावे वर्ष उलटता उलटता तो ऑलिंपिकच्या मैदानावर उतरला.

1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या वेळी रहीमसाहेबांना फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला 2-0 असे हरवले. थायलंडविरुद्ध विजय मिळाला, पण बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला दुखापत होऊन टाके पडले. तशा अवस्थेत त्यांना बचावात खेळवणे धोक्याचे होते. रहीमसाहेबांनी उपांत्य आणि अंतिम सामन्यात त्यांना थेट आघाडीला उभे केले. इस्रायल व तैवान यांना प्रवेश नाकारल्याबद्दल एका भारतीय क्रीडा पदाधिकाऱ्यांनी टीका केली होती. त्यामुळे यजमान प्रेक्षक भारतावर चिडलेले होते. अंतिम सामन्याच्या पूर्वसंध्येला आजारी गुरूने शिष्यांकडे सुवर्णपदकाची भेट मागितली, अशी आठवण त्या संघातील खेळाडू पुढे सांगत असत. 4 सप्टेंबर रोजी, गच्च भरलेल्या विरोधी स्टेडियममध्ये, प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी पहिला गोल केला. दुसरा गोल डोक्याला टाके असलेल्या जर्नेलसिंग यांचा होता. भारताने दक्षिण कोरियाला 2-1 असे हरवले आणि गुरुदक्षिणा पूर्ण झाली.

त्यानंतर वर्षही उलटले नाही, तोच 11 जून 1963 रोजी रहीमसाहेबांचे निधन झाले. ते अवघे 53 वर्षांचे होते.

त्यांच्या पश्चात काय उरले? प्रदीपकुमार बॅनर्जी प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने 1970 च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. पुत्र सय्यद शाहिद हकीम रोम ऑलिंपिकच्या संघात होते. पुढे त्यांनीही प्रशिक्षणाचा वारसा चालवला. 2024 मध्ये ‘मैदान’ या चित्रपटामुळे नव्या पिढीला रहीमसाहेबांचे नाव कळले. मात्र दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. जकार्तानंतर आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक भारताकडे पुन्हा आलेले नाही, आणि 1960 नंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकला पोहोचलेला नाही. एका शिक्षकाने उभे केलेले काम पुढे नेईल अशी व्यवस्था देशाने उभारली नाही. थोर गुरू लाभणे हे भाग्य असते. त्याची परंपरा जपणे हे मात्र समाजाचे कर्तव्य असते, आणि तेथे आपण उणे पडलो.

शिक्षकाच्या कार्याचे मोजमाप पदकांच्या कपाटात पूर्णपणे मावत नाही. दुबळा पाय बळकट करण्याची चिकाटी, चेंडू वेळेवर सहकाऱ्याकडे सोपवण्याचे औदार्य आणि गरीब मुलाच्या हाती ठेवलेले सायकलचे भाडे, हाच रहीमसाहेबांचा खरा वारसा होय. जेथे एखादा शिक्षक शाळा सुटल्यावरही मुलांसाठी मैदानावर थांबतो, तेथे तो आजही जिवंत आहे.