वस्तीचे कलामंडळ : आंबेडकरी जलसा ते गायन पार्टी

रांजणगावहून नगर रस्त्याने पुण्याकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर कोरेगाव भीमा लागते. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब येथील विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी आले होते. आता दर 1 जानेवारीला या रस्त्यावर भीमगीते ऐकू येतात. ती गाणारी मंडळे कुठून आली, याची ही थोडक्यात नोंद आम्ही देत आहोत.

महात्मा फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच्या प्रचारातून सत्यशोधक जलसे उभे राहिले. लोकांना तमाशाचा बाज ओळखीचा होता. ढोलकी, डफ, तुणतुणे तेच राहिले, आशय मात्र बदलला. 1930च्या दशकात हीच परंपरा आंबेडकरी जलशाने पुढे नेली. नाशिक भागात भीमराव कर्डक यांचा जलसा गाजला. गणेशस्तवनाच्या जागी बाबासाहेबांना वंदन आले. शिक्षण, दारूबंदी, मृत जनावराचे मांस सोडणे, सत्याग्रह हे विषय वगातून मांडले गेले. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांचे वर्तमानपत्र म्हणजे जलसाच होता.

शहरात हे काम चाळींनी केले. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (1922-2004) मुंबईत शिवडीच्या बीडीडी चाळीत राहताना लिहायला-वाचायला शिकले आणि समता सैनिक दलात आले. त्यांनी पहिले गीत 1943 साली लिहिले. पुढे गावोगाव फिरून त्यांनी आयुष्यभर गाणी रचली.

14 ऑक्टोबर 1956च्या धम्मदीक्षेनंतर गाण्यांत बुद्ध आणि धम्म आला. लांबलचक वग मागे पडले, त्यांची जागा गायन पार्ट्या आणि कलापथकांनी घेतली. जयंतीच्या रात्री वस्तीत मंच बांधायचा आणि आपल्याच पोरांनी गायचे, ही पद्धत रुजली.

एवढा मोठा इतिहास, पण कागदावर फार थोडा आहे. भीमराव कर्डकांनी 1978 साली ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहिले, म्हणून त्यांच्या जलशाची माहिती आपल्या हाती लागते. ज्या मंडळांनी लिहून ठेवले नाही, त्यांची गाणी गायकाबरोबर गेली. वह्या वाळवीने खाल्ल्या.

रांजणगाव एमआयडीसीत कामासाठी मराठवाडा-विदर्भातून आलेले बांधव आपापल्या गावची गाणी सोबत घेऊन येतात. म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे : आपल्या वस्तीतल्या मंडळाची एक वही आजच सुरू करा. मंडळ कोणी, कधी काढले, पेटी-ढोलकी कुणाच्या वर्गणीतून आली, कोणत्या बाया-माणसांनी गायले, गाणे कोणी रचले, हे लिहा. म्हाताऱ्या गायकांचा आवाज मोबाईलवर घ्या आणि रचनाकाराचे नाव गाळू नका. डीजे भाड्याने मिळतो, आपल्या आजोबांचे गाणे मिळत नाही.

जय भीम!